विचारणाऱ्याचं बस्तान लवकर बसतं

कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून नव्यानं आलेली मराठी मंडळी मला फोन करतात. पुण्याची असोत, नाशिकची असोत की कोल्हापूरची, सुरुवात बहुतेकांची एकच असते : "तुम्हाला त्रास देतेय, पण..." बोलता बोलता कळतं, की येऊन तीन महिने झालेत. जो प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला असता तर दहा मिनिटांत सुटला असता, तो आता चांगलाच गुंतून बसलाय.

कुणाच्या उपकाराखाली राहू नये, हे संस्कार आपण घरून घेऊन येतो. ते चांगलेच आहेत. पण कॅनडात नव्यानं संसार मांडताना त्यांना थोडी मुरड घालावी लागते. इथे नवागतांना मदत करणाऱ्या संस्थांना सरकार पैसे देतं. कायम रहिवासी म्हणून आलेल्यांकडून त्या एक डॉलरही घेत नाहीत. वाचनालयात, शाळेत, सरकारी दवाखान्यात तुमच्या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी माणसं नेमलेली असतात. त्यांच्याकडे जाण्यात मिंधेपणा नाही. मात्र ती आपण होऊन तुमच्या दारात येत नाहीत.

मी पंधरा वर्षं टोरोंटोच्या परिसरात राहतेय, त्यामुळे हा लेख ऑन्टारियो प्रांतापुरता आहे. दुसऱ्या प्रांतात गेलात तर आरोग्य, भाडं आणि वाहन परवान्याचे नियम वेगळे असतील. तिथेही पहिलं काम तेच : विचारायचं.

निघण्याआधी

बॅगा भरण्याआधी कागद गोळा करा. जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, पदव्या आणि गुणपत्रिका, आधीच्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं, मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी. मराठीतल्या कागदांची अधिकृत इंग्रजी भाषांतरं तिथेच करून घ्या. आपल्याकडे लग्नाआधीचं नाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर, असं सर्रास असतं. इथल्या कारकुनाच्या दृष्टीनं ती दोन वेगळी माणसं असतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. गाडी चालवत असाल तर आरटीओकडून परवाना किती वर्षं आहे, याचं पत्र घ्या. इथे परवान्याच्या परीक्षांमधला सक्तीचा थांबा कमी करून घ्यायला ते उपयोगी पडतं.

दागिन्यांची यादी करा. कॅनडात कायम राहायला येताना विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे दोन याद्या देता येतात : सोबत आणलेल्या वस्तूंची आणि मागाहून येणाऱ्या वस्तूंची. आईकडे ठेवलेलं मंगळसूत्र, पाटल्या, तोडे दुसऱ्या यादीत किंमत आणि फोटोसह लिहून ठेवलेत, तर पुढच्या फेरीत आणताना ते तुमच्या आधीच्या वापरातले म्हणून ओळखले जातात. ही यादी पहिल्याच दिवशी द्यायची असते, पुढच्या वर्षी आठवून उपयोग नाही. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख रक्कम आणत असाल, तर तीही सांगावी लागते. रक्कम आणायला बंदी नाही, लपवण्याला दंड आहे. खाण्याच्या वस्तूही जाहीर करा. मसाले, पापड, लोणचं आहे, असं सरळ सांगून टाकावं.

भारतातल्या बँकेलाही कळवा. परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. घर किंवा शेत मागे ठेवून येत असाल, तर विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून निघा. ते काम इथून करायला दुप्पट खटपट पडते.

पहिले दोन आठवडे

उतरल्यावर सगळ्यात आधी सिन, म्हणजे सोशल इन्शुरन्स नंबर काढा. तो नऊ आकडी असतो आणि सर्व्हिस कॅनडाच्या कार्यालयात फुकट मिळतो. त्याशिवाय पगार मिळत नाही. हा नंबर पाकिटात घेऊन फिरू नका. नोकरी देणारे, बँक आणि सरकारी खाती सोडून इतर कुणी मागितला, तर "कशासाठी लागतो?" असं विचारा. घरमालकाला तो देण्याची सक्ती नाही.

त्यानंतर बँकेत खातं, फोनचा इथला नंबर आणि आरोग्यकार्ड. ऑन्टारियोच्या आरोग्ययोजनेला सगळे 'ओहिप' म्हणतात. पूर्वी तिच्यासाठी तीन महिने थांबावं लागायचं, मार्च २०२० पासून ती अट उठली आहे. तरीही जुन्या आठवणीवरून "तीन महिन्यांनी जा" असं सांगणारे भेटतील. त्यांचं न ऐकता लगेच अर्ज करा.

फोन आला की एक गोष्ट ध्यानात ठेवा. करखात्यातून किंवा इमिग्रेशनमधून बोलतोय, आत्ता पैसे भरले नाहीत तर पोलीस येतील, असं धमकावणारे फोन नव्या माणसांना हमखास येतात. कुठलंही सरकारी खातं गिफ्ट कार्डवर पैसे घेत नाही. फोन ठेवा, घाबरू नका आणि कुणाशी तरी बोला. फसवणारे आपल्या एकटेपणावरच टपलेले असतात.

भाड्याचं घर

नव्या माणसाची सर्वांत जास्त अडवणूक घराच्या बाबतीत होते. आम्ही आलो तेव्हा एका घरमालकानं सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं आणि आम्ही मुकाट्यानं दिलं. नंतर कळलं, की त्याला ते मागण्याचा हक्कच नव्हता. ऑन्टारियोत घरमालक पहिल्या महिन्याच्या भाड्याबरोबर फार तर शेवटच्या महिन्याचं भाडं अनामत म्हणून मागू शकतो. मोडतोडीसाठी वेगळी अनामत घेता येत नाही. पुढच्या तारखांचे धनादेश दिलेच पाहिजेत, अशी सक्ती करता येत नाही. भाडं बारा महिन्यांतून एकदाच वाढवता येतं, तेही नव्वद दिवस आधी लेखी कळवून. आणीबाणी सोडली, तर दुरुस्ती किंवा पाहणीसाठी घरात यायचं असेल तेव्हा त्यानं चोवीस तास आधी लेखी सूचना द्यायची असते. बहुतेक घरांसाठी प्रांतानं ठरवून दिलेला भाडेकराराचा नमुना आहे. तोच वापरायचा आग्रह धरा.

घर बघताना चार प्रश्न विचारा. 'हायड्रो' भाड्यात धरलाय का? इथे हायड्रो म्हणजे वीजबिल, पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. हिवाळ्यातलं हीटिंग कोण भरतं? कपडे धुण्याचं यंत्र घरात आहे, की तळमजल्यावर पैसे टाकून वापरायचं? गाडी लावायला जागा मिळते का आणि तिचे वेगळे पैसे पडतात का? तळघरातलं घर घेणार असाल, तर पाचवा प्रश्न नगरपालिकेला विचारा : हे घर भाड्यानं द्यायला कायदेशीर आहे का? ब्रॅम्प्टनमध्ये अशा घरांची नोंदणी होते. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे स्वतः पाहून घ्या. आणि घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, भारतात बसून, कुणालाही एक डॉलर पाठवू नका.

इथला नोकरीचा किंवा कर्जफेडीचा इतिहास नसल्यानं काही मालक नकार देतील. बँकेतली शिल्लक, नोकरीचं पत्र असेल तर ते, भारतातल्या घरमालकाचं शिफारसपत्र, असं सगळं एका फाइलीत लावून न्या. कागद नीट मांडलेले दिसले, की बरेच जण ऐकतात.

स्वयंपाकघर

भारतातला मिक्सर आणू नका. तिथली वीज २३० व्होल्टची, इथली १२० व्होल्टची. तो इथे नीट फिरत नाही. इथल्या भारतीय दुकानांत या विजेवर चालणारे मिक्सर मिळतात. कुकर मात्र आणा, सपाट बुडाचा, आणि सोबत दोन जादा रिंगा आणि शिट्ट्या. बऱ्याच भाड्याच्या घरांत विजेची शेगडी असते. तिच्यावर गोल बुडाची कढई स्थिर राहत नाही.

फोडणीची तयारी मात्र वेगळी करावी लागते. तेल तापून मोहरी तडतडली आणि मिरचीचा खाट उठला, की धुराचा अलार्म वाजतो. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा माझ्या मुलीनं घाबरून कान झाकले आणि मी खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढून ठेवली. ते चुकलं होतं. अलार्म बंद करणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि लाकडी सांगाड्याच्या घरात तो जीव वाचवणारा असतो. शेगडीवरचा पंखा आधी लावा, खिडकी उघडा, तेल मंद आचेवर तापवा. मासे रविवारी तळावेत, मटणाचा रस्साही तेव्हाच, खिडक्या उघड्या ठेवून करावा. जाड कोट स्वयंपाकघराजवळ टांगू नका, फोडणीचा वास त्यात महिनाभर राहतो.

वाणसामानाची काळजी नसावी. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, स्कारबरो इथे पोह्यांपासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. मसूर तर सस्कॅचेवान प्रांतात पिकतो आणि इथून भारतात जातो. कणीक वेगळी लागेल. इथे दुरम गव्हाचा आटा जास्त मिळतो. त्याला पाणी थोडं जास्त लागतं आणि भिजवून झाकून ठेवला, की पोळ्या मऊ होतात.

पैसा आणि पत

भारतात वीस वर्षं कर्ज वेळेवर फेडलं असेल, तरी इथे तुमची पत कोरीच असते. ती ३०० ते ९०० या गुणांत मोजतात आणि घरभाडं, गाडी, मोबाइल सगळ्यालाच ती लागते. नवागतांसाठीचं क्रेडिट कार्ड मिळालं तर घ्या. नाहीच मिळालं, तर ठेव ठेवून मिळणारं घ्या. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी वापरा आणि बिल दर महिन्याला तारखेच्या आत पूर्ण भरा. 'किमान रक्कम' भरून चालतं, असा समज ठेवू नका, बाकीवर भारी व्याज चढतं.

दुकानातल्या पाटीवरच्या किमतीवर गल्ल्यापाशी १३ टक्के कर लागतो. डाळ, तांदूळ, भाजी, दूध अशा साध्या किराण्यावर तो लागत नाही. हॉटेलात बसून जेवल्यावर १५ टक्के किंवा त्याहून अधिक टिप देण्याची रीत आहे. खर्चाचा अंदाज बांधताना हे दोन्ही धरा. रुपयांत हिशेब करणं मात्र हळूहळू सोडा. कोथिंबिरीची जुडी रुपयांत मोजून न घेणारी माणसं मी पाहिली आहेत. कमाई डॉलरमध्ये असेल, तर खर्चही डॉलरमध्ये मोजा.

उत्पन्न शून्य असलं, तरी नवरा-बायको दोघांनीही पहिल्या वर्षापासून आयकराचं विवरणपत्र भरावं. साधारणपणे त्याची मुदत ३० एप्रिल असते. मुलांसाठीचा मासिक भत्ता आणि इतर सवलती याच विवरणपत्रावर ठरतात. मुलांच्या भत्त्यासाठी आल्यावर लगेच वेगळा अर्ज करावा लागतो. "आपल्याला काय गरज" म्हणून तो न भरणारी कुटुंबं आहेत. हा भत्ता इथल्या करव्यवस्थेचाच भाग आहे आणि तुम्हीही कर भरणार आहात.

आजारपण

ओहिपमध्ये डॉक्टरची भेट, तपासण्या आणि रुग्णालयातला उपचार येतो. दात, चष्मा आणि बहुतेक प्रौढांची औषधं त्यात येत नाहीत. नोकरीतून मिळणारा विमा तो खर्च उचलतो, म्हणून नोकरी स्वीकारताना त्याबद्दल विचारा. फॅमिली डॉक्टर मिळायला वेळ लागतो, आल्याबरोबर नाव नोंदवून ठेवा. तोवर वॉक-इन क्लिनिकमध्ये जा. रात्री मुलाला ताप आला आणि काय करावं सुचेना, तर ८११ लावा. प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास फोनवर असते. जिवावर बेतलं, तर ९११. घर, अन्न, कायदेशीर मदत अशा इतर अडचणींसाठी २११ आहे. हे तीन आकडे फ्रीजवर लिहून ठेवा.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणारी कितीतरी औषधं इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणा. दातांची आणि डोळ्यांची कामं निघण्याआधीच उरकून घ्या.

मुलं आणि शाळा

सरकारी शाळा मोफत आहेत आणि बहुतेक वेळा राहत्या पत्त्यावरून ठरतात, म्हणून घर घेण्याआधी शाळा कुठली मिळेल, हे पाहा. ज्या वर्षी मूल चार वर्षांचं होतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून त्याला बालवाडीत घालता येतं. अनेक शाळांत नवागत कुटुंबांसाठी सल्लागार येतात. प्रवेश घेतानाच त्यांची गाठ घालून द्यायला सांगा.

डब्याबद्दल शाळेला नक्की विचारा. शेंगदाण्याच्या ॲलर्जीनं मुलांचा जीव जाऊ शकतो. अशा तीव्र ॲलर्जींबाबत धोरण ठेवणं ऑन्टारियोतल्या शाळांना २००६ पासून कायद्यानं बंधनकारक आहे, आणि कित्येक शाळा शेंगदाणे आणूच देत नाहीत. आपल्या डब्यातली दाण्याची चटणी, कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, चिक्की, सगळंच त्यात अडकतं. हे पदार्थ घरी खा. डब्यात भाजी-पोळी, थालीपीठ, दहीभात द्या.

मुलांवर हात उगारू नका. इथे मुलाच्या अंगावर वळ दिसला, तर शिक्षकांना बालसंरक्षण संस्थेला कळवावंच लागतं. हे भीतीपोटी पाळण्यापेक्षा मुलाशी बोलायची सवय लावून घेतलेली बरी. त्याचंही सगळं जग बदललेलं असतं आणि तेही बिचारं भांबावलेलं असतं.

नोकरी

"कॅनेडियन अनुभव नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगानं २०१३ मध्येच सांगितलं आहे, की सबळ कारणाशिवाय अशी अट घालणं भेदभाव ठरू शकतो. तरी ती भिंत अजून पूर्ण पडलेली नाही. ती ओलांडायला ओळखी लागतात. ओळख म्हणजे वशिला असं इथे समजू नका. आपल्या क्षेत्रातल्या माणसाला "वीस मिनिटं कॉफीवर बोलाल का?" असं विचारणं इथे रीतीला धरून आहे. तिथे नोकरी मागायची नसते, काम कसं चालतं ते विचारायचं असतं.

बायोडेटा दोन पानांचा ठेवा. फोटो, वय, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव काढून टाका. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, अभियंते यांना परवाना लागतो. त्याची प्रक्रिया भारतात असतानाच सुरू करा. हातात पगार असावा म्हणून गोदामात किंवा दुकानात काम करावं लागलं, तर त्यात कमीपणा नाही. फक्त आठवड्यातले काही तास आपल्या मूळ क्षेत्रासाठी राखून ठेवा. ते तास सुटले, की वर्षं सुटतात.

हिवाळा

कोट आणि बूट इथे येऊन घ्या. मुंबईत मिळणारा स्वेटर उणे वीसमध्ये पुरत नाही. आत अंगाला चिकटून बसणारा थर, मधे लोकरी, बाहेर वारा अडवणारा, असे तीन थर घाला. टोपी, हातमोजे आणि पाणी आत न शिरणारे बूट हवेतच. बर्फावरून चालताना पावलं आखूड टाका आणि हात खिशातून बाहेर ठेवा.

थंडीपेक्षा अंधार जास्त जाणवतो. डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. नवरा किंवा बायको कामावर, मुलं शाळेत आणि दुसरा माणूस दिवसभर घरात एकटा, हे पहिल्या हिवाळ्यातलं सगळ्यात अवघड दृश्य. त्या माणसानं रोज दुपारी उजेडात बाहेर पडायचंच, असं घरच्यांनी ठरवून घ्यावं. वाचनालयाचं कार्ड फुकट आहे. तिथे इंग्रजी संभाषणाचे वर्ग, लहान मुलांसाठी गोष्टींचे तास असतात. कायम रहिवाशांसाठी लिंक नावाचे मोफत इंग्रजी वर्ग आहेत, काही ठिकाणी त्यांच्यासोबत पाळणाघरही असतं. मन सतत खिन्न राहिलं, झोप उडाली, तर डॉक्टरला सांगा. त्यासाठीही दवाखाना आहे.

माणसं

घरी फोन करायची वेळ बांधून ठेवा. हिवाळ्यात भारत साडेदहा तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेनऊ. इथे सकाळी साडेआठला फोन केला, तर आईकडे दिवेलागणीची वेळ असते. मात्र दिवसभराचा सगळा आधार त्या एका फोनवर टाकू नका.

टोरोंटोत मराठी भाषिक मंडळ आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करतंय. गणपतीला जा, दिवाळीच्या कार्यक्रमाला जा, आणि नुसते प्रेक्षक म्हणून जाऊ नका. खुर्च्या लावायला, पानं वाढायला हात पुढे करा. सोबत काम केल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. पण तिथेच थांबू नका. शेजारच्या फिलिपिनो आजी, समोरचं जमैकन कुटुंब, बसथांब्यावर रोज भेटणारी इराणी बाई, यातले कितीतरी जण तुमच्यासारखेच कधीतरी दोन बॅगा घेऊन उतरलेले असतात. हवामानावर दोन वाक्यं बोलणं इथे ओळखीचं दार आहे, ते उघडून बघा.

वर्ष सरेल. तुम्हाला कचऱ्याच्या गाडीचा वार पाठ होईल, अलार्म न वाजता फोडणी जमेल. मग कधीतरी तुमच्या मजल्यावर नवं कुटुंब येईल. "काही लागलं तर सांगा" एवढं बोलून परतू नका, कारण तेही आपल्यासारखेच सांगणार नाहीत. वरणभाताचा डबा घेऊन जा, दहा मिनिटं बसा आणि विचारा : ओहिप काढलं का? मुलांच्या भत्त्याचा अर्ज भरला का? घरमालकानं किती आगाऊ घेतलं? आणि निघताना तुमचा फोन नंबर कागदावर लिहून त्यांच्या फ्रीजवर लावून या.